‘हो’ म्हणजे कशाला हो?

प्रोग्राममधला एक साधा ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’. शेजारी नाव नसलेला. तो एखाद्याची शुक्रवारची संध्याकाळ कशी नासवू शकतो आणि त्याला नुसतं नाव दिलं तर किती डोकेदुखी वाचते, त्याची ही गोष्ट. कोडिंग येत नसलं तरी वाचा. ‘होय/नाही’चे फॉर्म तर तुम्हीही भरता!

शुक्रवारची रात्र. साडेनऊ वाजलेले. रूममेट हिंजवडीहून आली, बॅग सोफ्यावर फेकली आणि तशीच बसून राहिली. मी किचनमधून ओरडले, ‘‘आता चहा घेणार नाहीस ना?’’

‘‘हो.’’

आता या ‘हो’चं करायचं काय? हो, घेणार? की हो, नाही घेणार? मी पातेलं हातात धरून उभी. बाहेर येऊन पुन्हा विचारलं, तर ही बया हसायलाच लागली. आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. म्हणाली, ‘‘अगं, आज ऑफिसमध्ये एक्झॅक्टली हेच झालं. फक्त चहाच्या जागी लोकांच्या कर्जाचे हप्ते होते.’’

ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. (नाव विचारू नका, तिला नोकरी करायचीय!) त्यांच्या क्लायंटचा धंदा कर्ज देण्याचा. हप्ता थकला की ग्राहकाला आठवणीचा मेसेज जातो. ते काम करणारं फंक्शन कुणीतरी कधीच लिहून ठेवलेलं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या. एक, ग्राहकांची यादी. दुसरी, ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’.

टीममध्ये तीन महिन्यांपूर्वी आलेला एक फ्रेशर. त्याला नवी यादी नीट वाचली जातेय का, एवढंच तपासायचं होतं. मेसेज पाठवायचा नव्हता. जुन्या कोडमध्ये त्याला ओळ दिसली : सेंडरिमाइंडर(यादी, फॉल्स). त्याने वाचलं, ‘रिमाइंडर पाठव? फॉल्स.’ म्हणजे पाठवू नको. छान! त्याने तीच ओळ उचलली.

पण त्या दुसऱ्या जागेचं खरं नाव होतं ‘टेस्टमोड’. टेस्टमोड फॉल्स, म्हणजे ही चाचणी नाही. म्हणजे खराखुरा मेसेज. आणि तो गेला! ज्यांनी हप्ता वेळेवर भरला होता त्यांनाही, ‘आपला हप्ता थकीत आहे’ म्हणून. कॉल सेंटरचे फोन वाजायला लागले. एक आजोबा म्हणे पुन:पुन्हा एकच सांगत होते, ‘‘मी एक तारखेलाच भरलाय हो. पावती आहे माझ्याकडे.’’

मग मीटिंग. ‘‘वाचून बघता येत नाही का?’’ वगैरे वगैरे. तो मुलगा मान खाली घालून उभा.

‘‘आणि तू गप्प?’’ मी विचारलं.

‘‘तेच तर सलतंय. त्याचा कोड रिव्ह्यू मीच केला होता. ती ओळ मीही वाचली होती. मलाही तसंच वाटलं, पाठवू नको. आणि मी ओके दिलं.’’

चार वर्षांचा अनुभव असलेली रिव्ह्यूअर आणि तीन महिन्यांचा फ्रेशर, दोघंही एकाच ओळीला फसले. तेव्हा चूक नक्की कुणाची?

अण्णा, एक चहा : हो, नाही, हो!

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. फंक्शन म्हणजे सांगितलेलं काम करून देणारा प्रोग्रामचा तुकडा. काम करायला त्याला जी माहिती लागते ती कंसात द्यायची, तिला म्हणतात पॅरामीटर. आणि ज्या पॅरामीटरचं उत्तर फक्त हो किंवा नाही असू शकतं, तो बुलियन. हो म्हणजे ट्रू, नाही म्हणजे फॉल्स. बस्स, एवढंच.

आता टपरीवर जा आणि म्हणा, ‘‘अण्णा, एक चहा. हो, नाही, हो.’’ अण्णा तुमच्याकडे बघत राहतील. साखर हो? आलं नाही? मलई हो? टपरीवाल्याने स्वत:शी ठरवलेला क्रम तुम्हाला माहीत असेल तर तुमचा चहा बरोबर येईल. पण शेजारी उभा असलेला माणूस काय समजणार? माणसं असं बोलत नाहीत. माणसं म्हणतात, ‘‘साखर कमी, आलं जास्त.’’ प्रोग्रामर मात्र सर्रास ‘हो, नाही, हो’ लिहितात.

असं का होतं? तर फंक्शन लिहिणाऱ्याला त्या जागेचं नाव समोर दिसत असतं. ‘टेस्टमोड’ असं त्यानेच तर लिहिलेलं असतं. पण फंक्शन वापरलं जातं दुसऱ्याच फाइलमध्ये, दहा ठिकाणी. तिथे नाव पोचतच नाही, पोचतो तो फक्त ‘फॉल्स’. नाव माहेरी आणि ‘फॉल्स’ सासरी! मग वाचणारा काय करतो? फंक्शनच्या नावालाच तो ‘फॉल्स’ जोडतो. पाठव, फॉल्स. पाठवू नको. इतकं सरळ आहे ते. त्या मुलाने वाचलं नाही असं नाहीच. त्याने वाचलं, म्हणून तर चुकला!

नव्या भाड्याच्या फ्लॅटमधला स्विचबोर्ड आठवा. आठ बटणं, एकावरही काही लिहिलेलं नाही. पंखा लावायला जावं तर बाथरूमचा दिवा लागतो. घरमालकाला विचारा, तो म्हणेल, ‘‘सोप्पंय हो, डावीकडून तिसरं.’’ त्याला सोप्पंच असणार. वायरिंग त्यानेच करून घेतलंय!

दिग्गजही फसले

हे फक्त फ्रेशरचं होतं असं समजू नका. नॉर्वेत तयार झालेलं क्यूटी नावाचं प्रसिद्ध टूलकिट आहे. स्क्रीनवर दिसणाऱ्या खिडक्या, बटणं बनवायला जगभर वापरतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये लिहिता यायचं : रीपेंट(फॉल्स). काय वाटतं वाचून? पुन्हा रंगवू नको. बरोबर? चूक! त्याचा अर्थ होता, पुन्हा रंगव, पण आधीचं पुसू नको. आमच्या फ्रेशरची आणि क्यूटीची गोष्ट तंतोतंत एकच. क्यूटीच्या लोकांनीच या प्रकाराला ‘बुलियन पॅरामीटर ट्रॅप’ म्हटलं. सापळाच तो! २००५ मध्ये क्यूटीची चौथी आवृत्ती आली, तेव्हा रीपेंटमधला हा ‘फॉल्स’ गेला. शब्द बदलण्याच्या फंक्शनमध्येही शेवटी एक ‘फॉल्स’ असायचा. त्याच्या जागी ‘केस-इन्सेन्सिटिव्ह’ असं स्वच्छ नाव आलं. म्हणजे शोधताना कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक बघू नको. आता वाचणाऱ्याला अंदाज लावायला नको.

जावाची गंमत तर अजून धोकादायक. फाइलमध्ये लिहायला ‘फाइलरायटर’ वापरतात. फाइलचं नाव द्यायचं आणि पुढे ‘ट्रू’. हा ‘ट्रू’ कशाला? आहे त्या मजकुराच्या शेवटी नवा जोड, असं सांगायला. तो ‘ट्रू’ विसरला किंवा कुणी ‘नको असेल’ म्हणून उडवला, तर? आधीचा मजकूर साफ! कितीतरी दिवसांच्या नोंदी एका ओळीत स्वाहा. २०११ मध्ये जावाच्या सातव्या आवृत्तीत फाइल उघडण्याची नवी पद्धत आली. तिच्यात ‘अपेंड’, म्हणजे ‘शेवटी जोड’, असा शब्दच लिहिता येतो. दोन्ही ओळी शेजारी ठेवा आणि रात्री अडीच वाजता कुठली वाचायला आवडेल ते सांगा.

वेबवाल्यांनीही हात धुऊन घेतलेत. २००५ च्या सुमारास ‘एजॅक्स’चं वेड आलं, आख्खं पान पुन्हा लोड न करता माहिती आणायचं. तेव्हा प्रत्येक जण एक ओळ लिहायचा, तिच्या शेवटी ‘ट्रू’. कितीतरी जणांनी ती कुठून तरी कॉपी केलेली. ‘ट्रू’ कशाला, विचारलं तर, ‘‘असतंच ते.’’ खरं तर त्याचा अर्थ होता, उत्तराची वाट बघत पान अडकवून ठेवू नको. तिथे ‘फॉल्स’ टाकला की उत्तर येईपर्यंत युजरचं पान ढिम्म!

बॉक्स : कोण हा बूल?

बुलियन हा शब्द आला जॉर्ज बूल या गणितज्ञावरून. जन्म १८१५, इंग्लंडमधलं लिंकन गाव. वडील बूट शिवायचे. विद्यापीठाची पदवी नाही, बराचसा अभ्यास स्वत:चा स्वत: केला. तरी १८४९ मध्ये आयर्लंडमध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. १८५४ मध्ये ‘लॉज ऑफ थॉट’ या नावाने ओळखलं जाणारं पुस्तक आलं. माणसाचा तर्क १ आणि ० च्या गणितात मांडता येतो, हा त्याचा विचार. १८६४ मध्ये तो गेला. १९३७ मध्ये अमेरिकेत एमआयटीचा विद्यार्थी क्लॉड शॅनन याने आपल्या प्रबंधात दाखवलं, की विजेच्या स्विचची सर्किटं बूलच्याच गणिताने मांडता येतात. आजच्या सगळ्या डिजिटल यंत्रांचा पाया तो!

आपल्याकडचं एक नातंही आहे. बूलची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. भारताचे सर्व्हेअर जनरल होते ते. हो, तेच, ज्यांचं नाव शिखराला दिलंय!

नावात काय आहे? बरंच काही!

मग उपाय काय? पहिला, अगदी सोपा : नाव वापराच्या जागीही लिहायचं. पायथॉनमध्ये यादी उलट्या क्रमाने लावायची तर ‘रिव्हर्स=ट्रू’ असंच लिहावं लागतं. नुसता ‘ट्रू’ दिलात तर पायथॉन सरळ नकार देतो. स्वत:च्या फंक्शनलाही असा नियम लावायची सोय २००८ मध्ये पायथॉन ३ सोबत आली. कंसात एक चांदणी टाकायची, तिच्यापुढच्या सगळ्यांना नाव घेऊनच बोलवावं लागतं. उखाण्यासारखं! सी-शार्पमध्ये नाव लिहिण्याची सोय २०१० मध्ये आली. अॅपलच्या स्विफ्टमध्ये तर २०१४ मधल्या जन्मापासूनच नाव लिहिणं ही रीत. पीएचपीवाल्यांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. जावात अजूनही ही सोय नाही, पण तिथे ट्रू-फॉल्सऐवजी शब्दांचे ठरलेले पर्याय देता येतात. त्याला ‘ईनम’ म्हणतात.

हुशार मंडळी म्हणतील, ‘‘आमचा एडिटर आपोआप नाव दाखवतो की! काय एवढं?’’ दाखवतो, मान्य. पण रिव्ह्यू ब्राउझरमध्ये होतो. चूक शोधायची असते रात्री, मोबाइलवर, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये. तिथे तुमचा एडिटर येत नाही.

दुसरा उपाय : नाव देताना सरळ द्या. ‘फ्लॅग’ हे नाव नव्हे, ती पळवाट आहे. ‘फ्लॅग२’ तर गुन्हाच! आणि नकारार्थी नाव शक्यतो नकोच. ‘डोंटसेंड=फॉल्स’ म्हणजे काय? न पाठवणं नाही. म्हणजे पाठव. ‘प्रवेश बंद नाही’ अशी पाटी बघून तुम्ही दारात जसे थबकाल, तसाच वाचणारा इथे थबकतो. स्टीव्ह मॅकॉनेलच्या १९९३ च्या ‘कोड कम्प्लीट’ या गाजलेल्या पुस्तकातही हाच सल्ला आहे, ट्रू-फॉल्सची नावं होकारार्थी ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात : ‘कॅनसीक’ म्हणा, ‘कान्टसीक’ नको.

तिसरा उपाय जरा मोठा : ‘हो-नाही’ खरंच हवंय का, ते स्वत:ला विचारा. आमच्या गोष्टीतलं फंक्शन म्हणजे एका अंगरख्यात दोन कामं. एक खरं पाठवणं, दुसरं नुसतं तपासणं. मग दोन फंक्शन करा ना! एक ‘मेसेज पाठव’, दुसरं ‘यादी तपास’. रॉबर्ट मार्टिन यांचं ‘क्लीन कोड’ २००८ मध्ये आलं. त्यात त्यांनी असल्या फ्लॅगवर चांगलीच झोड उठवलीय. फंक्शन एकाहून जास्त कामं करतंय याची ती जाहीर कबुलीच आहे, असं त्यांचं म्हणणं. मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’च्या २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर ‘रिमूव्ह फ्लॅग आर्ग्युमेंट’, म्हणजे फ्लॅग काढून टाका, अशी एक कृतीच दिलीय, रेसिपीसारखी.

आणि कधी कधी उत्तरं दोनच नसतात. आज ‘मेल हवा का? हो/नाही’. उद्या एसएमएस येतो, परवा व्हॉट्सअॅप. मग एक ट्रू, दोन ट्रू, तीन ट्रू. आणि पुन्हा अण्णांची टपरी! डॉटनेटच्या सूचनांचा नियम इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे : एकाच फंक्शनमध्ये दोन किंवा जास्त बुलियन व्हायला लागले, तर शब्दांचे पर्याय द्या.

पण म्हणून प्रत्येक ट्रूच्या मागे लाठी घेऊन धावायचं नाही हं! ‘सेटएनेबल्ड(ट्रू)’ हे कुणालाही कळतं. कारण काय चालू करायचंय ते फंक्शनच्या नावातच आहे. प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी असतील तर हो-नाहीने काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रश्न हरवल्यावर.

फॉल्सची बाजू कोण सांगणार?

नाव झालं. पण कागदपत्रांचं काय? डॉक्युमेंटेशन म्हटलं की आपल्याकडे रिलीजच्या आदल्या रात्री उरकायचं काम. आमच्या रूममेटने त्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन उघडून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘टेस्टमोड : टेस्टमोड चालू किंवा बंद.’ धन्यवाद! हे म्हणजे शब्दकोशात ‘घोडा’ शोधावा आणि पुढे ‘घोडा’च लिहिलेलं असावं.

सरकारी फॉर्म आठवा. ‘होय/नाही (लागू नसेल ते खोडावे)’. कितीही हसलो तरी त्या फॉर्ममध्ये आधी पूर्ण प्रश्न असतो, मगच होय-नाही. ‘आपण यापूर्वी या योजनेचा लाभ घेतला आहे काय?’ वाचून खोडता येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये तेवढं तरी हवं की नाही?

गूगलच्या डेव्हलपर मंडळींसाठी लेखनाचे नियम आहेत. त्यात हे छान सांगितलंय. पॅरामीटर काही करायला लावत असेल तर दोन्ही बाजू लिहा : ट्रू असेल तर काय होईल, फॉल्स असेल तर काय होईल. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही ठरलेली वाक्यरचना दिसते : अमुक करायचं असेल तर ट्रू, नाहीतर फॉल्स. बहुतेक जण ट्रूची बाजू लिहितात आणि फॉल्सची ‘समजून घ्या’ म्हणून सोडतात. घात तिथेच होतो. कारण ‘न तपासणं’ म्हणजे ‘खरोखर पाठवणं’ हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला नाही.

आणि तिसरी बाजू, काहीच दिलं नाही तर? म्हणजे डिफॉल्ट. विसरभोळ्या माणसाच्या हातूनही नुकसान होऊ नये, असं डिफॉल्ट हवं. दिलं नाही तर तपासणी, पाठवायचं असेल तर मुद्दाम सांग. दाराचं लॅच जसं आपोआप लागतं, तसं.

बॉक्स : सोमवारी ऑफिसला गेल्यावर...

* फंक्शन लिहून झालं की ते वापरणारी ओळ एकटी वाचा. मोठ्याने. अर्थ लागला नाही तर नाव चुकलंय.
* भाषेत सोय असेल तर ट्रू-फॉल्सच्या आधी नाव लिहाच. नसेल तर आधी नावाचं व्हेरिएबल करा आणि मग ते द्या.
* ‘नॉट’, ‘नो’, ‘डिसेबल’ने सुरू होणारी नावं शक्यतो टाळा.
* दुसरा बुलियन घालायची वेळ आली की थांबा. शब्दांचे पर्याय किंवा दोन वेगळी फंक्शन, यातलं काही जमतंय का ते बघा.
* डॉक्युमेंटेशनमध्ये तीन ओळी : ट्रू म्हणजे काय, फॉल्स म्हणजे काय, न दिल्यास काय.
* रिव्ह्यूमध्ये ‘हा ट्रू कशाचा?’ विचारायला लाजू नका. तुम्हाला पडलेला प्रश्न पुढच्यालाही पडणारच.

मानवी चूक?

सोमवारी रूममेटला त्या घटनेचा रिपोर्ट पूर्ण करायचा होता. ‘कारण’ या रकान्यात कुणीतरी आधीच भरून ठेवलेलं : ‘मानवी चूक’. तेवढं ठेवलं असतं तर विषय मिटला असता. अप्रेजलला त्या मुलाच्या नावापुढे फुली, आणि ती ओळ तशीच, पुढच्या फ्रेशरची वाट बघत.

तिने ते खोडलं. लिहिलं : ‘वापराच्या ओळीतून अर्थ उलटा लागतो. लिहिणारा आणि रिव्ह्यू करणारी, दोघांनीही तो उलटाच वाचला.’ रिव्ह्यू करणारी म्हणजे ती स्वत:. खाली स्वत:चं नाव टाकलं. मग त्या मुलाला शेजारी बसवून एका फंक्शनची दोन केली. कामाला निम्मा दिवसही लागला नाही, म्हणाली.

मॅनेजरने रिपोर्ट वाचला. तिला बोलावलं, ‘‘स्वत:चं नाव कशाला घातलंस?’’

‘‘सर, नाव न घातल्यानेच तर सगळं झालं ना!’’

तो मुलगा अजून टीममध्ये आहे. आता रिव्ह्यूमध्ये ‘हा ट्रू कशाचा?’ असं सगळ्यात जास्त वेळा तोच विचारतो म्हणे. सीनियरलासुद्धा!

आणि आमच्या फ्लॅटमधल्या स्विचबोर्डवर आता छोटे स्टिकर आहेत. पंखा, गीझर, बाल्कनी. मीही सुधारलेय. हल्ली विचारते, ‘‘चहा टाकू की नको?’’

उत्तर येतं, ‘‘टाक.’’